हत्यारांचा संग्रह आणि अपरिग्रह

घरांत सुतारकामाचीं व किरकोळ दुरुस्तीचीं हत्यारें कोणतीं आणि किती असावीं, हा प्रश्न मासिकाच्या पृष्ठांवर चर्चेस घेण्याइतका मोठा आहे काय, असें पुष्कळांस वाटेल. आम्हांसही गेल्या श्रावणापर्यंत तसेंच वाटत होतें. दुकानदारास विचारावें, खिशास परवडेल तें घ्यावें आणि कामास लागावें. यांत नीतिविचाराचा संबंध कोठें येतो? परंतु एका लहानशा प्रसंगानें आमची ही समजूत डळमळली. तो प्रसंग येथें सांगतों, कारण त्यांतून निघालेला प्रश्न ज्याच्या घरीं एक हातोडी आहे त्या प्रत्येकाचा आहे.

भंडारा जिल्ह्यांत तुमसराहून उत्तरेस कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाकाडोंगरी हें गांव आहे. भोंवतीं जंगल, आणि जवळच डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी. तेथें आमचे एक स्नेही शिक्षकी पेशांतून निवृत्त होऊन राहिले आहेत. पडवीच्या एका कोपऱ्यांत लहानशी कर्मशाळा थाटावी, असें त्यांच्या मनांत आलें. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा भरतो व मुलें चाकांवरचे लांकडी नंदी ओढीत नेतात. नातवासाठीं तसा एक नंदी स्वतःच्या हातानें घडवावा, एवढाच त्यांचा प्रथम हेतु. "नागपुराहून येतांना लागतील तीं हत्यारें घेऊन या," असें त्यांनीं कळविलें. आम्हीं उत्साहानें यादी केली. ती एकतीस जिनसांची झाली. विजेचें गिरमिट, विजेचा रंधा, निरनिराळ्या रुंदीच्या सहा पटाश्या, चार तऱ्हेच्या कानशी. कांहीं म्हणून सुटलें नाहीं. निघण्यापूर्वीं ती त्यांस दूरध्वनीवर वाचून दाखविली, तेव्हां त्यांनीं इतकेंच विचारलें, "यांपैकीं कोणत्या हत्याराला आज काम आहे?" आम्हांस आठांहून अधिक नांवें सांगतां आलीं नाहींत.

गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्मसिद्धीचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि दैव. करण म्हणजे साधन. टीकाकार त्याचा अर्थ बहुधा इंद्रियें असा करतात. पण हत्यार हें हाताचेंच लांबविलेलें रूप असल्यामुळें तो शब्द येथें लावण्यास प्रत्यवाय नसावा. आतां या गणनेंत करणाचें स्थान तिसरें आहे. आधीं आधार, मग करणारा, आणि त्यानंतर साधन. आमच्या यादीनें हा क्रम उलटविला होता. आधार म्हणावा तर पडवींत पडलेली एक फळी. कर्ता अद्याप घडावयाचा. आणि साधनें मात्र एकतीस! साधन दुकानांत मिळतें, कर्ता मिळत नाहीं. म्हणूनच कर्त्याची उणीव आपण साधनांनीं भरून काढूं पाहतों. न वापरलेल्या रंध्याच्या पात्यावर चढणारा गंज हा पैशाचा अपव्यय खराच. पण वस्तु घेतली म्हणजे विद्या आली, अशी जी आपण आपलीच समजूत घातलेली असते, तिचाही तो पुरावा आहे.

तीं आठ हत्यारें कोणतीं, हें सांगितलें पाहिजे. करवत, रंधा, पटाशी, हातोडी, गिरमिट, कानस, गुण्या आणि धारेचा दगड. आंखणें, कापणें, सफा करणें, भोंक पाडणें व ठोकणें, या पांच क्रियांत घरगुती लांकूडकाम बहुतेक आटोपतें, आणि प्रत्येक क्रियेस आरंभीं एक दोन चांगलीं हत्यारें पुरतात. मात्र तीं चांगलीं आहेत कीं नाहींत, हें घेणारास ओळखतां आलें पाहिजे. गुण्याचेंच उदाहरण घ्या. फळीच्या सरळ कडेस तो लावून एक रेघ ओढावी. मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी ओढावी. दोन्ही एकावर एक पडल्या तर काटकोन खरा. फांकल्या तर खोटा. ही परीक्षा करावयास अर्धा मिनिट लागतो, आणि ती न केल्यास पुढचें प्रत्येक काम बिघडतें. खोट्या गुण्यानें आंखलेली चौकट कागदावर निर्दोष असते आणि जुळवितांना लंगडते.

परंतु या आठांत अग्रमान आमच्या मतें धारेच्या दगडास आहे. सागाच्या लांकडांत वाळूच्या जातीचा, म्हणजे सिलिकेचा, अंश असतो. त्यामुळें सागावर चालणारी पटाशी लवकर बोथट होते. बोथट पटाशी जोर मागते, आणि जोर लावलेली पटाशी निसटून दुसऱ्या हातांत शिरते. तिच्या धारेचा कोन साधारण २५ ते ३० अंशांचा; तो दगडावर पुढें-मागें घासतांना ढळूं न देणें हीच सगळी कला. आमच्या स्नेह्यांनीं पहिले चार दिवस दुसरें कांहीं केलें नाहीं. पाहणारास तें वेळ दवडणें वाटलें असतें. आम्हांस त्यांतून एक कसोटी सांपडली: जें हत्यार नीट राखतां येत नाहीं, तें विकत घेतलें तरी अद्याप आपलें झालें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, ही तर अपरिग्रहाचीच शिकवण झाली. मग आठ तरी कशास हवींत? लागेल तें शेजाऱ्याकडून आणावें. हा आक्षेप वरवर साधुत्वाचा दिसतो. पण गांधीजींच्या आश्रमव्रतांत अपरिग्रहाच्या पंक्तीस शरीरश्रमही होता, हें विसरतां कामा नये. स्वतः कांहीं न बाळगतां दुसऱ्याच्या करवतीवर जो घर चालवितो, त्याच्या संग्रहाचा भार दुसरा वाहतो, एवढेंच. उंच शिडी किंवा विजेचें गिरमिट यांसारखीं वर्षांतून दोनदां लागणारीं साधनें आळींत एक असलें तरी पुरे. तीं मागण्यांत लाज नाहीं आणि देण्यांत उपकार नाहीं. धारेच्या हत्यारांची गोष्ट निराळी. कसबी सुतार आपला रंधा सहसा दुसऱ्याच्या हातीं देत नाहीं, तो कृपणपणानें नव्हे. पातें किती बाहेर काढावयाचें, याचा हिशेब त्याच्या हाताशीं जुळलेला असतो. परक्या हातानें तो मोडला म्हणजे दिवसाची मजुरी बुडते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ज्याला निवृत्तिवेतन आहे त्यानें आपली खाट आपणच दुरुस्त केली, तर गांवच्या सुताराचा घास हिरावला जात नाहीं काय? त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं 'गांवगाडा' या ग्रंथांत बलुतेदारीचें जें वर्णन केलें, त्या व्यवस्थेंत सुतारानें कुणब्याचीं अवजारें नीट राखावीं व सुगीस धान्याचा वांटा घ्यावा, असा करार होता. ती व्यवस्था गोड आठवण म्हणून सांगण्यासारखी नाहीं. तिनें हत्यार जन्मास बांधलें; लेखणीवाल्यास रंध्याची लाज वाटावी आणि रंधावाल्यास लेखणी दुर्लभ व्हावी, असा तिचा परिणाम झाला. वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्यें भरलेल्या शिक्षण परिषदेनें हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा गाभा करावा असें ठरविलें, त्याचें एक कारण ही लाज मोडणें हेंच होतें. ती योजना शाळांतून टिकली नाहीं, आणि लाज बरीचशी टिकली.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर वीस वर्षांपूर्वीं आम्हीं एका सुताराकडून कपाट करवून घेतलें. ठरलेल्या मजुरींतून शेवटीं २०० रुपये कापले, कारण एक दार किंचित् घासत होतें. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, दिवाळीनंतर दार आपोआप मोकळें होईल, असें तो म्हणाला. आम्हीं ती सबब मानली. दिवाळीनंतर दार मोकळें झालें. तरी तें आमच्या ध्यानांत आलें नाहीं, किंवा आणावेसें वाटलें नाहीं. नाकाडोंगरीच्या त्या आठवड्यांत आम्ही स्वतः एक दीड फुटाची फळी सपाट करावयास बसलों. सारी दुपार गेली, दंड भरून आले, आणि फळी एका टोंकास पातळ झाली ती झालीच. त्या वेळीं तो सुतार आम्हांस आठवला. त्याची आळी केव्हांच मोडली आहे. तो कोठें असेल, कोणी सांगूं शकत नाहीं. ते रुपये परत करण्याचा मार्ग उरलेला नाहीं.

म्हणून त्या आक्षेपास आमचें उत्तर असें आहे: घरच्या हत्यारांनीं सुताराचें पोट मारलें जात नाहीं, पोट मारलें जातें तें श्रमाची किंमत न कळल्यानें. मोठें काम त्याच्याकडेच जावें, आणि ज्यानें एकदां रंधा धरला आहे तो त्याच्याशीं घासाघीस करावयास धजणार नाहीं. हत्यार घरांत असण्याचा पहिला लाभ आमच्या दृष्टीनें हाच. खुर्चीचा पाय बसतो, हा दुसरा.

याच विचारास धरून आणखी एक गोष्ट आमच्या मनांत आली. पोलाद तयार करतांना त्यांत मँगनीज घालतात. त्यानें गंधकाचा दोष निघतो व पोलादास बळकटी येते. म्हणजे नाकाडोंगरीच्या शेजारीं खाणींत राबणाऱ्या माणसांच्या कष्टाचा अंश एखाद्या पटाशींतून परत याच पडवींत येऊं शकतो. खंडेनवमीस आपण हत्यारांस गंधफूल वाहतों, तें केवळ लोखंडास वाहत नसूं, तर या अनेक हातांचें स्मरण त्यांत असावें.

नंदी वेळेवर झाला. त्याचें एक शिंग दुसऱ्याहून आंखूड आहे आणि चाकें कुरकुरतात. नातवानें तक्रार केली नाहीं. एकतीस जिनसांची ती यादी आम्हीं फाडली नाहीं. तींतील ज्या नांवापुढें, याला काम कोणतें, हें प्रामाणिकपणें लिहितां येईल, तें हत्यार घ्यावें, असा नियम स्नेह्यांनीं व आम्हीं मिळून केला आहे. आजवर अकरा नांवांपुढें लिहून झालें. वाचकांनीं आपापल्या घरची पेटी उघडून हीच परीक्षा करून पाहावी, एवढीच विनंति.