निवाडा कोणासाठी?

निवाडा देणे ही मूलतः वाचनाची क्रिया आहे. समोर आलेल्या कृतीचा, उक्तीचा अथवा मुद्रेचा अर्थ लावल्यावाचून तिच्याविषयी नैतिक निर्णय देता येत नाही. आणि अर्थ लावायचा तर संहिता पुरेशी हाती असावी लागते. साहित्यसमीक्षेत ही गोष्ट इतकी प्राथमिक मानली जाते की तिचा उच्चारही अनावश्यक वाटावा. तथापि सार्वजनिक जीवनात ती किती सहज विसरली जाते, आणि ज्यांच्या परंपरेने शतकानुशतके अर्थनिर्णयनाचे शास्त्र घडविले ते धर्माधिकारीही ती कशी विसरतात, हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून पाहता येईल.

१८ जानेवारी २०१९ रोजी वॉशिंग्टन येथील गर्भपातविरोधी वार्षिक मोर्चा आटोपल्यावर केंटकी राज्यातील कव्हिंग्टन कॅथलिक हायस्कूलचे विद्यार्थी लिंकन स्मारकापाशी परतीच्या बसची वाट पाहत थांबले होते. तेथे ढोलके वाजविणारे एक मूलनिवासी वृद्ध आणि त्यांच्या अगदी समोर स्मित करीत उभा असलेला, ट्रम्प यांच्या प्रचाराची लाल टोपी घातलेला एक विद्यार्थी, एवढेच दाखविणारी छोटी चित्रफीत दुसऱ्या दिवशी सर्वत्र पसरली. त्या स्मितात असंख्य लोकांनी वंशद्वेष वाचला. त्याच दिवशी कव्हिंग्टनचा धर्मप्रांत आणि शाळा यांनी संयुक्त निवेदन काढून विद्यार्थ्यांच्या वर्तनाचा निषेध केला, त्या वृद्धांची क्षमा मागितली आणि शाळेतून काढून टाकण्यापर्यंतच्या कारवाईची शक्यता बोलून दाखविली. लुईव्हिलचे आर्चबिशप जोसेफ कुर्ट्झ यांनीही त्या निषेधात सूर मिसळला. मग दीर्घ चित्रफिती पुढे आल्या. विद्यार्थ्यांना आधी बराच वेळ एका तिसऱ्याच गटाने शिवीगाळ केली होती, आणि वृद्ध स्वतःच मुलांच्या घोळक्यात चालत गेले होते, असे त्यांत दिसत होते. २५ जानेवारीला कव्हिंग्टनचे बिशप रॉजर फॉइस यांनी पालकांना पत्र लिहिले; आपण दडपणाला बळी पडून अकाली निवेदन करायला नको होते, अशी कबुली त्यात होती. कुर्ट्झ यांनीही दिलगिरी व्यक्त केली. धर्मप्रांताने नेमलेल्या तपासकांना विद्यार्थ्यांनी वंशद्वेषी उद्गार काढल्याचा पुरावा मिळाला नाही, असा अहवाल फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. (याचा अर्थ मुले अगदीच निरागस होती असा नव्हे. घोळक्यातील काहींनी ढोलक्याच्या तालावर हाताने कुऱ्हाडीचे घाव घातल्याचा अभिनय केला. त्यातला उपहास नाकारण्यात अर्थ नाही.)

या घटनाक्रमाचा नेहमीचा निष्कर्ष असा काढला जातो, की माहिती अपुरी होती म्हणून निवाडा चुकला. तो खोटा नाही, पण उथळ आहे. १९२० च्या सुमारास रशियन दिग्दर्शक कुलेशोव्ह यांनी एकाच नटाचा तोच भावशून्य चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखविला, तेव्हा प्रेक्षकांना त्यात कधी भूक, तर कधी शोक दिसला. चेहऱ्याला अर्थ शेजारच्या चौकटीने पुरविला होता. कव्हिंग्टनच्या मुलाच्या चेहऱ्याला तो लाल टोपीने पुरविला. परंतु चित्रपटगृहातील प्रेक्षकाला निवेदन काढावे लागत नाही. बिशपांना ते काढावेसे का वाटले, हा प्रश्न माहितीच्या कक्षेबाहेरचा आहे. आणखी एखादी चित्रफीत पाहून तो सुटला नसता.

विशेष म्हणजे त्यांच्याच परंपरेत या मोहाविरुद्ध पुरेशी तटबंदी आहे. अविचारी निवाडा हे कॅथलिक नीतिशास्त्रात पाप मानले जाते. १९८३ च्या धर्मसंहितेतील २२० वा नियम कोणाच्याही सुकीर्तीला अवैध धक्का लावण्यास मनाई करतो. इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या आरंभीच असा दंडक घालून दिला, की दुसऱ्याचे विधान झिडकारण्याऐवजी त्याचा चांगला अर्थ लावण्यास प्रत्येकाने अधिक तत्पर असावे. तो लागत नसेल तर त्याला काय म्हणायचे आहे ते विचारावे. समीक्षेच्या कोणत्याही संप्रदायाला हा दंडक शोभून दिसेल. लोयोलांच्याच संघातील फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी वाचकाला 'ख्रिस्तपुराण' दिले, आणि जमावाच्या आरोळ्यांपुढे नमणाऱ्या पिलाताची कथाही त्या पुराणाबरोबर मराठीत आली. आपल्याला पटलेले नसतानाही गर्दीसाठी निवाडा देणारा हाकिम कोणत्याही बिशपाला नव्याने शिकवावा लागत नाही.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. चांगला अर्थ लावण्याच्या याच वृत्तीने चर्चने लैंगिक अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना दशकानुदशके सांभाळून घेतले. बॉस्टनमधील प्रकरणे २००२ मध्ये उघडकीला आली. ऑगस्ट २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीच्या अहवालाने तीनशेहून अधिक धर्मगुरूंवरील आरोप आणि हजाराहून अधिक बळींची नोंद समोर ठेवली. तो अहवाल ताजा असताना कोणत्या बिशपाने जगाला 'थांबा, पुरावा पाहू' असे म्हणावे? ते शब्द त्यांनी पूर्वीच भलत्या ठिकाणी खर्चून टाकले होते.

या कोंडीचे उत्तर थॉमस अक्विनास यांच्या एका भेदात सापडते. शंकास्पद गोष्टीचा अर्थ चांगल्या बाजूने लावावा, असे ते 'सुम्मा'मध्ये निवाड्याची चर्चा करताना सांगतात; पण लगेच पुस्ती जोडतात, की अनर्थावर उपाय योजायचा असेल तेव्हा वाईटात वाईट गृहीत धरणे इष्ट. गृहीत धरणे वेगळे, निश्चित ठरविणे वेगळे. मुलांच्या रक्षणासाठी संशयित धर्मगुरूला सेवेतून दूर करणे हे गृहीत आहे; त्याला दोषी म्हणून जाहीर करणे हा निर्णय आहे. अत्याचारांच्या प्रकरणांत बिशपांनी आवश्यक ते गृहीत धरले नाही. कव्हिंग्टनमध्ये कोणाचेही रक्षण होणार नव्हते, कसलाही उपाय योजायचा नव्हता, तेथे मात्र निर्णय जाहीर केला. पहिल्या वेळी विलंब आणि दुसऱ्या वेळी घाई, अशी ही दोन टोके दिसत असली तरी दोन्हींचा उगम एकच आहे: आपण कसे दिसू, ही संस्थेची चिंता. प्रतिमा जपण्याचा मार्ग एकदा मौन हा होता. काळ बदलला तेव्हा तो निषेध झाला.

म्हणून फॉइस यांच्या पत्रातील 'दडपण' हा शब्द मला अपुरा वाटतो. तो दोष बाहेर ठेवतो. दडपण बाहेरून आले हे खरे, पण ज्याला त्याची भीती आतून वाटत नाही त्याच्यावर ते चालत नाही. शिकागोचे कार्डिनल बर्नार्डिन यांच्यावर नोव्हेंबर १९९३ मध्ये एका माजी सेमिनरी-विद्यार्थ्याने अत्याचाराचा आरोप केला, तेव्हाचे दडपण काही कमी नव्हते. दूरचित्रवाणीने ती बातमी देशभर नेली होती. बर्नार्डिन यांनी आरोप नाकारला आणि १९९२ मध्ये स्वतःच स्थापन केलेल्या चौकशी मंडळापुढे तो इतरांप्रमाणेच जाऊ दिला. फेब्रुवारी १९९४ मध्ये आरोप मागे घेतला गेला. त्या वर्षअखेरीस बर्नार्डिन आरोपकर्त्याला जाऊन भेटले. संस्थेपेक्षा समोरचा माणूस महत्त्वाचा वाटला की पुढच्या पायऱ्या किती वेगळ्या पडतात!

कव्हिंग्टनच्या कागदपत्रांत नेमका तो माणूसच सापडत नाही. पहिले निवेदन विद्यार्थ्यांना न विचारता त्यांच्याविषयी काढले गेले, आणि वृद्धांना उद्देशून क्षमायाचना असली तरी ती जगाने ऐकावी म्हणून होती. दुसरे पत्र पालकांना उद्देशून होते. त्यात मुले तृतीयपुरुषातच राहिली. ज्या वृद्धांची सहा दिवसांपूर्वी एवढ्या तातडीने क्षमा मागितली होती, ते तर केव्हाच चौकटीबाहेर गेले होते.