वीणेचा पहारा



आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात रात्री दोन ते चार वीणेचा पहारा गेली तेवीस वर्षे माझ्याकडे आहे. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही; एकाच्या गळ्यातून उतरते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. यंदा चार वाजता पुढचा पहारेकरी समोर येऊन उभा राहिला. विशीतला पोरगा. 'याला सूर कुठला सापडायचा,' असे मनात आले आणि मी वीणा काढलीच नाही. तो हात जोडून पाचपर्यंत उभा होता. मला वाटले, मी जास्तीची सेवा केली. घरी आलो तेव्हा पायांना सूज होती आणि मनाला टोचणी.

नात जीवशास्त्र शिकते. पाय शेकताना म्हणाली, "आजोबा, तुमच्या टाचेची ही वरची कातडी म्हणजे मेलेल्या पेशी. खालच्या थरात मूळपेशी असतात, त्या नव्या पेशी घडवतात. नव्या वर सरकतात, जुन्या झिजून गळतात." आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलते. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस फिरते आणि निघून जाते; तिची जागा भरायला शरीर दर सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी घडवते. देह नाशिवंत आहे हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण तो शेवटच्या दिवशीच नासतो असे नाही; रोज नासतो आणि रोज घडतो. ही देवाने आतच मांडलेली पहाऱ्याची रीत.

मग म्हातारपण का येते? १९६१ साली हेफ्लिक यांनी दाखवले की काचेच्या भांड्यात वाढवलेली माणसाची पेशी चाळीस ते साठ वेळा दुभंगते आणि थांबते. गुणसूत्रांच्या टोकांना टोपीसारखे वेष्टन असते, ते दर वेळी थोडे आखूड होते. ते पुन्हा लांबवणारे एक विकर निसर्गात आहे; त्याच्या शोधाला २००९ चे नोबेल मिळाले. मी विचारले, "मग ते सगळ्या पेशींना दिले की म्हातारपण संपले?"

नात म्हणाली, "आजोबा, बहुतेक कर्करोगांच्या पेशी तेच विकर वापरतात."

अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाची बाई १९५१ साली कर्करोगाने गेली. वय अवघे एकतीस. तिच्या गाठीतून काढलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पेशी राहिल्या, बाई गेली. यात आजारी माणसाचा दोष नाही. रोग कोणालाही होतो. पण मला त्यात माझी चूक दिसली. पहारा संपल्यावरही जी पेशी जागा सोडत नाही, ती स्वतः टिकते आणि ज्या देहासाठी तिचा जन्म, त्यालाच बुडवते.

कोणी म्हणेल, मग म्हाताऱ्यांनी बाजूला व्हावे काय? तसेही नाही. मेंदूच्या वरच्या थरातल्या मज्जापेशी बहुतांशी जन्मभर त्याच राहतात. म्हणून तर लहानपणी ऐकलेला काकडा अजून आठवतो. मात्र त्या दुसऱ्याची जागा अडवत नाहीत. आलेला निरोप पुढच्या पेशीला देत राहतात. राहण्यात दोष नाही, अडवण्यात आहे. राहायचे तर निरोप पुढे देण्यासाठी राहावे.

सेवा माझी, हा भाव केव्हा 'मी'ची सेवा होतो, ते कळत नाही. त्या रात्री नाम थांबू नये म्हणून मी उभा नव्हतो. माझ्यावाचून ते नीट चालणार नाही, हे मला सिद्ध करायचे होते. नाम माझ्या आधी होते. ते आतापर्यंत आले, कारण कोणीतरी वेळेवर वीणा उतरवून माझ्या गळ्यात घातली. माझाही सूर तेव्हा कच्चाच होता.

दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या घरी गेलो आणि त्याच्या पाया पडलो. तो लाजून मागे सरला. म्हटले, "माऊली, पुढच्या वर्षी दोन ते चारही तूच घे. मी शेजारी टाळ घेऊन उभा राहीन. चाल चुकली तर सांगेन."

तेव्हापासून तो संध्याकाळी चाली शिकायला येतो. पायांची सूजही उतरली आहे.

रामकृष्ण हरी.