कृतज्ञतेची जागा

इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं अ‍ॅनफील्ड नांवाचें फुटबॉलचें मैदान आहे. त्याच्या एका बाजूस, जेथें सर्वांत दाट गर्दी जमते त्या प्रेक्षकभागाशेजारीं, एका पुरुषाचा ब्राँझचा पुतळा १९९७ सालीं उभारण्यांत आला. गळ्यांत मफलर, दोन्ही हात पसरलेले, जणूं समोरच्या सगळ्यांस कवेंत घ्यावयाचें आहे. खालीं नांव, आणि नांवाबरोबर एवढेंच कीं ह्यानें लोकांना सुखी केलें. राजेरजवाड्यांच्या व सेनापतींच्या पुतळ्यांखालचे पुष्कळ लेख आम्हीं वाचले आहेत; परंतु इतका मोठा दावा इतक्या थोड्या शब्दांत केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि हा दावा कोणाविषयीं? तर एका फुटबॉल क्लबाच्या मॅनेजराविषयीं.

वाचकांपैकीं कित्येकांस ह्याचें हसूं येईल. बावीस माणसें एका चेंडूमागें धांवतात, आणि त्यांस धांवविणारा एकजण बाहेर बसून ओरडतो. त्यानें लोकांना काय सुख द्यावें? आमच्या घरांतून खेळास ‘वेळ घालविणें’ म्हणण्याची रीत आहे, आणि त्या रीतींत आम्हीही वाढलों आहों. परंतु बिल शँक्ली १९८१ सालीं वारला, आणि ज्यांचा जन्मही त्याच्या मृत्यूनंतर झाला अशीं मुलें त्याचें चित्र असलेलीं निशाणें घेऊन त्या मैदानावर जातात. एवढ्या समुदायाचें एवढें प्रेम ज्यावर जडलें आहे, त्यास क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्हांस विचार करावयाचा आहे तो निराळ्याच गोष्टीचा. ह्या मनुष्याच्या शेवटच्या सात वर्षांत त्याच्यामध्यें आणि त्याच्या क्लबामध्यें जें घडलें, तें त्या पुतळ्यावर लिहिलेलें नाहीं. आणि कृतज्ञता म्हणजे काय, हा प्रश्न खरा तेथेंच उत्पन्न होतो.

शँक्लीचा जन्म २ सप्टेंबर १९१३ रोजीं स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यांतील ग्लेनबक ह्या कोळशाच्या खाणींच्या खेड्यांत झाला. दहा भावंडांचें घर. पांचही भाऊ पुढें फुटबॉलवर पोट भरणारे निघाले, आणि त्या चिमुकल्या खेड्यानें असे सुमारें पन्नास खेळाडू दिले असें सांगतात. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली आणि बिल खाणींत गेला. कांहीं काळानें तेथलें काम संपलें, तेव्हां त्यानें खेळाचा धंदा पत्करला. प्रेस्टनच्या संघांत राहून १९३८ चा एफ. ए. चषक त्यानें मिळविला. पुढें मॅनेजर म्हणून कार्लाइल, ग्रिम्झबी, वर्किंग्टन, हडर्सफील्ड अशा ठिकाणीं उमेदवारी केल्यावर डिसेंबर १९५९ मध्यें तो लिव्हरपूलास आला. क्लब तेव्हां दुसऱ्या श्रेणींत रखडत होता. १९६२ सालीं तो वर चढला. १९६४, १९६६ व १९७३ सालीं लीगचें अजिंक्यपद, १९६५ व १९७४ सालीं एफ. ए. चषक, आणि १९७३ सालीं यूरोपांतील यूएफा चषक. जमाखर्चाची ही बाजू येथेंच पुरी करतों.

कारण प्रेमाचा उगम ह्या चषकांत असता, तर पहिला मान दुसऱ्याचा असता. शँक्लीच्या हाताखालीं पंधरा वर्षें काम करून त्याच्या मागून मॅनेजर झालेला बॉब पेझली ह्यानें नऊ वर्षांत सहा वेळां लीग जिंकली, आणि १९७७, १९७८ व १९८१ असा तीन वेळां यूरोपियन चषक आणला. फळें मोजलीं तर पेझलीचें पारडें उघड जड आहे. त्याचाही मान त्या शहरांत थोडा नाहीं. त्याच्याही नांवाचा दरवाजा आणि त्याचाही पुतळा तेथें आहे. परंतु ज्याच्या गोष्टी आजे नातवांस सांगतात, तो बहुधा शँक्ली. झाड लावणाऱ्याचें स्मरण फळें उतरविणाऱ्यापेक्षां अधिक राहतें, असें ह्यावर कोणी म्हणेल. तें खरें आहे, पण पुरेसें नाहीं.

ज्यांस इतरत्र कोणी मोजीत नव्हतें, त्यांस ह्या मनुष्यानें मोजलें, असें आम्हांस दिसतें. गोदींत आणि कारखान्यांत आठवडाभर राबून शनिवारीं दुपारीं उभ्यानें खेळ पाहणारे हे लोक. त्यांच्या पत्रांस तो स्वतः टाइपरायटरवर बोटें आपटीत उत्तरें लिही. तिकिटासाठीं अडलेल्यांस तिकीट मिळवून देई. इतकें यश आल्यावरही एका साध्या वस्तींतलें जोडघर त्यानें शेवटपर्यंत सोडलें नाहीं. ज्या प्रेक्षकभागाचा वर उल्लेख केला त्यास ‘कॉप’ म्हणतात. (हें नांव दक्षिण आफ्रिकेंतील स्पायन कॉप ह्या टेकडीवरून आलें. बोअर युद्धांत जानेवारी १९०० मध्यें तेथें लँकेशायरचे पुष्कळ शिपाई पडले. त्याच रणांगणावरून जखमींस वाहून नेणाऱ्या हिंदी शुश्रूषापथकांत गांधीजी होते, हें सहज आठवलें म्हणून सांगितलें.) १९७३ सालीं लीगचें अजिंक्यपद मिळाल्यावर शँक्ली कॉपसमोर गेला असतां कोणीतरी आनंदाच्या भरांत आपला मफलर त्याच्याकडे फेंकला. तो खालीं पडला, आणि बंदोबस्तावरील एका शिपायानें तो बाजूस भिरकावला. शँक्लीनें तो उचलला, स्वतःच्या गळ्यांत बांधला, आणि शिपायास बजावलें कीं असें करूं नको, हा कोणाचा तरी जीव असेल. सारें शहर जयघोष करीत असतां ज्याचें लक्ष जमिनीवर पडलेल्या मफलराकडे जातें, त्याला लोक विसरत नाहींत. पुतळ्याच्या गळ्यांत मफलर आहे तो उगीच नव्हे.

आतां ती दुसरी गोष्ट. १२ जुलै १९७४ रोजीं, साठाव्या वर्षीं, नुकताच चषक जिंकलेला असतांना शँक्लीनें राजीनामा जाहीर केला. तो थकला होता, आणि घराकडे पाहावें अशी इच्छा होती. शहरास तें खरें वाटेना. परंतु थोड्याच दिवसांत सकाळ झाली कीं त्याचे पाय आपोआप मेलवुड ह्या सरावाच्या मैदानाकडे वळूं लागले. थोडा व्यायाम करावा, चार शब्द बोलावे, एवढाच हेतु. पण खेळाडू जुन्या संवयीनें त्यालाच ‘बॉस’ म्हणत, आणि खरा बॉस शेजारीं उभा असे. पेझली मूळचा अबोल. मॅनेजराचें पद त्यानें हौसेनें नव्हे, गळ्यांत पडलें म्हणून घेतलेलें. शँक्लीचें हें येणें नको आहे असें त्यास जाणवूं दिलें गेलें, आणि तो येईनासा झाला. १९७६ सालीं निघालेल्या आत्मचरित्रांत त्यानें हें दुःख लपविलें नाहीं. इतर क्लबांनीं आपलें अधिक प्रेमानें स्वागत केलें असें तो म्हणतो. त्या इतरांत एव्हर्टन होता, म्हणजे त्याच शहरांतला हाडवैरी. एव्हर्टनचें सरावाचें मैदान शँक्लीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतें, आणि तेथें त्याला दार उघडें असे.

हें वाचून क्लबावर रागावणें सोपें आहे. आम्हीही प्रथम रागावलों. परंतु एक गोष्ट आमच्याच पदरची आहे, ती सांगितल्याशिवाय पुढें बोलण्याचा हक्क आम्हांस पोंचत नाहीं.

एका वाचनालयाच्या मंडळावर आम्ही कांहीं वर्षें होतों. ज्यांनीं तें दारोदार वर्गणी मागून उभें केलें, त्या वृद्ध चिटणीसांनीं वयोमानामुळें काम सोडलें. तरी ते रोज पांच वाजतां येत, टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसत, नव्या चिटणीसाच्या नोंदवहींत डोकावत, आणि उशीरा पुस्तक आणणाऱ्यास परस्पर दंडाची माफी देत. नवा मनुष्य कामसू होता. तो तोंडानें कांहीं बोलला नाहीं, पण त्याचा राजीनामा त्याच्या चेहऱ्यावर दिसूं लागला. मंडळानें ठराव वगैरे केला नाहीं. फक्त ती खुर्ची एके दिवशीं आंतल्या खोलींत नेऊन ठेवण्यांत आली, आणि त्यास मान हलवून संमति देणाऱ्यांत आम्ही होतों. ते आले, खुर्चीच्या जागेकडे त्यांनीं क्षणभर पाहिलें, उभ्याउभ्या एक मासिक चाळलें, आणि गेले. पुन्हा आले नाहींत. दीड वर्षानें ते वारले, तेव्हां त्यांची तसबीर लावण्यांत आली. त्या दिवशींचें भाषण आमचें होतें, आणि तें फार चांगलें झालें असें सगळे म्हणाले.

म्हणून विचारतों, आम्हीं काय करावयास हवें होतें? खुर्ची राहूं दिली असती, तर नवा चिटणीस गेला असता आणि कदाचित् वाचनालयही. मँचेस्टर युनायटेडचें उदाहरण लिव्हरपूलच्या चालकांसमोर होतें. तेथें मॅट बझबी १९६९ सालीं मॅनेजरपद सोडूनही क्लबांतच राहिला. त्याच्या मोठ्या सावलींत नवीं माणसें खुरटलीं, आणि १९७२ अखेर त्याच्या मागून आलेल्या दोघांनाही निरोप मिळाला. आमच्या पूर्वजांस हा पेंच ठाऊक असावा. वानप्रस्थाश्रमाचें प्रयोजन सामान्यतः वैराग्यांत शोधतात. परंतु मुलगा कर्ता झाल्यावर बापानें घरांतून निघावें ह्या नियमांत सुनेवर व मुलावर केलेली दयाही आहे, असा आमचा समज आहे. मात्र अरण्यांत जावयाचें तर अरण्याची ओढ असावी लागते. ज्याचें अरण्य, तीर्थ आणि देव हें सगळें त्या एका हिरव्या मैदानांतच होतें, त्यानें जावें कोठें?

तेव्हां दोष पद काढून घेण्यांत नाहीं. पद दोघांस वांटून देतां येत नाहीं, हें शँक्लीस कोणापेक्षांही अधिक कळत होतें. दोष आहे तो हा कीं, पदावांचून त्या मनुष्यास दुसरी जागा असूं शकते, हें कोणास सुचलें नाहीं. संस्थेजवळ जागा असतात त्या कामाच्या. काम संपलें कीं जागा संपली. ती उरते मेल्यावर, भिंतीवर. शँक्लीच्या नांवाचा लोखंडी दरवाजा अ‍ॅनफील्डवर १९८२ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर वर्षाच्या आंत, उभा राहिला. मेलेला मनुष्य सरावाच्या वेळीं येऊन उभा राहत नाहीं, त्याला बॉस म्हटल्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. त्याचा गौरव करणें अत्यंत सोयीचें असतें.

चाहत्यांचें स्मरणही ह्या दोषापासून सर्वस्वी मुक्त आहे असें नाहीं. फुटबॉल ही जीवनमरणाहूनही मोठी गोष्ट आहे, अशा अर्थाचें शँक्लीचें एक वाक्य जगभर प्रसिद्ध आहे. सदऱ्यांवर, पेल्यांवर तें छापतात. १९८१ सालीं, मृत्यूच्या थोडेंच आधीं, दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतींत तो विषय निघाला, तेव्हां त्या वेडापायीं आपल्या कुटुंबाची हेळसांड झाली अशी खंत त्यानें बोलून दाखविली होती. वाक्य उरलें, खंत गळली. आवडत्या माणसाचें जें आपल्याला सोसतें तेवढेंच आपण आठवतों.

तरी पण क्लबाचें स्मरण आणि लोकांचें स्मरण ह्यांत आम्ही भेद करतों. शँक्लीनें आणलेला खेळाडू जॉन टोशॅक १९८१ सालीं स्वॉन्सी संघाचा मॅनेजर होता. शँक्ली गेल्यावर थोड्याच दिवसांत तो संघ अ‍ॅनफील्डवर आला. मृतास मान देण्यासाठीं सगळे स्तब्ध उभे राहिले, तेव्हां टोशॅकनें वरचा अंगरखा काढला. आंत लिव्हरपूलचा तांबडा सदरा होता. प्रतिपक्षाच्या मॅनेजरानें असें करणें नियमांत बसत नसेल, पण त्याला त्या वेळीं आपण कोण आहों ह्यापेक्षां आपण कोणाचे आहों तें अधिक खरें वाटलें.

आणि लोकांनीं तर शँक्लीच्या मृत्यूची वाट पाहिली नाहीं. नोव्हेंबर १९७५ मध्यें, मेलवुडची वाट त्याला परकी होत असतांना, तो एका सामन्यास अ‍ॅनफील्डवर आला, आणि मानकऱ्यांच्या बैठकीकडे न जातां कॉपच्या पायऱ्या चढला. त्या काळीं तेथें खुर्च्या नव्हत्या. अंगास अंग लावून हजारों माणसें उभीं असत. हलवून आंतल्या खोलींत नेऊन ठेवावें असें तेथें कांहींच नव्हतें. तो त्यांच्यांत जाऊन उभा राहिला, आणि इतर सर्वांबरोबर त्यानें तो सामना उभ्यानें पाहिला.