व्यायामाची सावड

शेतीत एका घराच्या बळावर न उरकणारे काम चार घरांनी मिळून करायचे आणि त्या चारही घरांच्या कामाला पाळीपाळीने आपण जायचे, या रीतीला सावड म्हणतात. सावडीत पैशाची देवाणघेवाण नसते, पण हिशेब मात्र चोख असतो. आज ज्याने आपल्या रानात दिवस घातला त्याचा दिवस फेडावाच लागतो आणि जो फेडत नाही त्याला पुढच्या हंगामात कोणी हाक मारत नाही. समूहाने केलेल्या व्यायामाचे फायदे सांगताना वजन, रक्तदाब, रक्तातील साखर यांची जी यादी नेहमी पुढे येते, ती एकट्याने केलेल्या व्यायामालाही जवळजवळ तशीच लागू पडते. समूहाचे म्हणून जे खास देणे आहे ते या सावडीच्या जातीचे आहे, कारण तिथे माणसे एकमेकांना आपला नियमितपणा उसना देतात.

हा नियमितपणाच आज सर्वांत दुर्मिळ झाला आहे. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, म्हणजे श्वास वाढेल पण बोलणे थांबणार नाही इतपत चालणे किंवा तत्सम काही करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ हे माप गाठत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात, जिथे पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथे हालचालीचा अभाव हा प्रश्न अर्थातच सर्वांचा नाही. ऊसतोड कामगाराला व्यायामाचा उपदेश करणे हा क्रूरपणा होईल, कारण त्याच्या शरीराला गरज आहे ती विश्रांतीची आणि पोटभर अन्नाची. प्रश्न आहे तो कचेरीत, दुकानात, शिकवणीत आणि मोटारसायकलवर दिवस घालवणाऱ्या, दर पिढीगणिक वाढत चाललेल्या वर्गाचा. व्यायाम हवा हे या वर्गाला कोणी पटवून द्यावे लागत नाही, पण तिसऱ्या आठवड्यात पहाटे अंथरुणातून उठवणारे कारण त्याच्यापाशी उरलेले नसते.

ते कारण तालमीत आपोआप मिळत असे. तालमीच्या हौद्यातली माती ही नुसती माती नसते. चाळलेल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून ती मुरवलेली असते, आणि रोज लढती सुरू होण्यापूर्वी ती फावड्याने खालपासून वर उकरावी लागते, नाहीतर ती दगडासारखी बसते आणि पडणाऱ्याचे अंग सोलवटते. हे उकरणे हाच पहिला व्यायाम असतो, तो पाळीने करायचा असतो आणि ज्याने आज माती उकरली नाही त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. त्यानंतर जोर आणि बैठका होतात. एकाने मोजायचे आणि बाकीच्यांनी त्या मोजणीवर अंग खालीवर करायचे, म्हणजे मनातल्या मनात शंभराचे साठ करण्याची सोय उरत नाही. मग येते जोड. सरावासाठी वस्ताद ज्याला समोर उभा करतो त्या जोडीदाराला तालमीच्या भाषेत जोड म्हणतात आणि वस्तादाची खरी पारख जोड लावण्यात दिसते. फार बलवान जोड दिली तर पोरगा खचतो, फार कच्ची दिली तर सैलावतो, म्हणून जोड थोडीशी सरस असावी लागते. कुस्ती एकट्याने करताच येत नाही, त्यामुळे एकाचे घरी राहणे म्हणजे दुसऱ्याचा दिवस बुडवणे होते.

वस्तादाला अनुभवाने कळलेली ही गोष्ट विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ऑटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवली. बर्लिनमधील नौकानयन मंडळाच्या सभासदांना त्याने वजन उचलत राहायला सांगितले, आधी एकेकट्याने आणि मग जोडीने, अशा रीतीने की एक थांबला की दोघांचे काम थांबावे. जोडीतला कमकुवत गडी एकटा असताना जितका टिकत असे त्याहून जोडीत अधिक टिकला आणि हा परिणाम दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना सर्वांत ठळक दिसला. आपल्यामुळे दुसऱ्याचे अडू नये या जाणिवेतून उपजणाऱ्या या जादा जोराला आज कोलर परिणाम म्हणतात. पुढे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात असे दिसले की, वल्हवण्याच्या यंत्रावर तेवढेच श्रम एकट्याने केले तेव्हापेक्षा सर्वांनी एका लयीत केले तेव्हा वेदना सोसण्याची शक्ती अधिक वाढली. अवघ्या १२ खेळाडूंवर केलेल्या प्रयोगावर फार मोठी इमारत उभारू नये, हे खरे. पण पखवाजाच्या तालावर पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या दिंडीतल्या म्हाताऱ्या पायांना त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

समूह मात्र निखळ वरदान नसतो, हे अहिल्यानगर शहराच्याच इतिहासात नोंदलेले आहे. अहमद निजामशहाने १४९० मध्ये सीना नदीकाठी हे नगर वसवले. ज्याचे तारुण्य निजामशाहीच्या दरबारात गेले तो इतिहासकार फरिश्ता लिहितो की, सुलतानाला तलवारबाजीची हौस असल्याने तरुणांत तिचे वेड पसरले आणि विद्यालयांऐवजी मोहल्ल्यामोहल्ल्यांत तलवारबाजी शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. पुढे क्षुल्लक वादही द्वंद्वाने मिटवण्याची चाल पडली, त्यात माणसे मरू लागली आणि ती चाल दख्खनभर पसरली. एकत्र घाम गाळणाऱ्यांत जिव्हाळा जडतो तशी ईर्ष्याही पेटते, आणि यांतले काय वरचढ ठरेल हे शिकवणारा कशाचे कौतुक करतो यावर ठरते. आजच्या व्यायामाच्या वर्गातही मोठ्या आरशासमोर, सराईतांच्या रांगेत नवख्याला उभे केले तर तो अधिक चुकतो. इतरांच्या उपस्थितीने सरावाचे काम सुधारते आणि नवे काम बिघडते, हा रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे तंतोतंत लागू पडतो. पन्नाशीच्या गुडघ्यांना विशीच्या मोजणीवर नाचवणे हा तर उघड अपराध आहे, आणि संख्येच्या हव्यासापोटी तो सर्रास घडतो.

तालमीचा आणखी एक दोष याहून खोल होता. निम्म्या समाजाला तिचे दार बंद होते. स्त्रियांचा सामुदायिक व्यायाम म्हणून मंगळागौरीच्या फुगड्या, झिम्मा आणि पंचमीचे फेर होते, पण ते वर्षातून काही दिवसांपुरते. अमरावतीच्या १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी व्यायाम आखाड्याबाहेर काढून शास्त्रशुद्ध शिक्षणाचा विषय केला. आज एखाद्या मंगल कार्यालयाच्या मोकळ्या सभागृहात सतरंज्या टाकून भरणारा योगाचा किंवा झुंबाचा वर्ग अनेक गृहिणींना व्यायामाचा तास प्रथमच हक्काने देतो. घरात एकटीने हातपाय हलवणाऱ्या बाईला मध्येच चहासाठी हाक मारली जाते. वर्गाला गेलेल्या बाईचा तास मात्र घरही मान्य करते, कारण तिची बाहेर कोणीतरी वाट पाहत असते. स्त्रियांच्या बाबतीत समूहाचा हा फायदा बाकी सर्व फायद्यांहून मोठा मानला पाहिजे.

म्हणूनच बागांत आणि गावाच्या मोकळ्या जागांत बसवलेल्या ओपन जिमच्या सांगाड्यांकडे पाहून वाईट वाटते. लोखंड आले, फलक लागला, पण ठरलेली वेळ, शिकवणारे माणूस आणि न आल्यास चौकशी करणारा शेजारी यांतले काहीच त्याबरोबर आले नाही. उलट, भिंगारच्या जॉगिंग पार्कात रोज सकाळी जमणाऱ्या हरदिन मॉर्निंग ग्रुपसारख्या मंडळींना यंत्रांवाचून भागते आणि ती झाडेही लावतात. २०२५ च्या आरंभी शहरातील वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची कुस्ती स्पर्धा झाली, तेव्हा कुस्त्यांवर जिवापाड प्रेम करणारा हा जिल्हा पुन्हा दिसला. पण आखाड्याकडे पाहणे आणि आखाड्यात उतरणे यांतले अंतर टाळ्यांनी भरून निघत नाही. प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या आणि हिवरे बाजारात श्रमदानाने पाणी अडवणाऱ्या जिल्ह्याला एकत्र येण्याची रीत नव्याने शिकवावी लागणार नाही. ग्रामपंचायतीने शाळेचे मैदान पहाटे एक तास उघडे ठेवावे, गावातल्याच एखाद्या जाणत्या मुलामुलीला शिकवण्याचे मानधन द्यावे, आणि हजेरीची एक साधी वही ठेवावी, जी तपासायला कोणी अधिकारी येणार नसेल; काल जे नाव कोरे राहिले त्याच्या दारावरून आज कोणी जावे, एवढ्याचसाठी ती असेल.