आधी पाने, मग वर्गणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत पाणी आहे, मधमाशीही आहे. जयंतीला आपण ही कथा ऐकतो. मला मात्र हे दोन गुरू चैत्रात जास्त आठवतात, कारण तेव्हा आमच्याकडे विहिरी तळ गाठतात.

शहापूर तालुक्यात तानसा धरण 1892 सालचे, भातसाही तिथलेच. ते पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मुरबाडच्या डोंगराकडच्या वाड्यांचीही तीच गत. याचा दोष आपण सरकारला देतो, तो खोटाही नाही. पण जे आपल्या हातात होते, ते तरी आपण नीट ठरवले का?

आमच्या मुरबाडकडच्या वाडीत विहिरीचा गाळ काढायचा होता. बैठक देवळात भरली. मी बँकेतला, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. घरटी सारखी वर्गणी ठरली आणि आकडा खाली खाली येऊ लागला. ज्याला परवडत नव्हते तो कमी बोलला. ज्याला गरज नव्हती तोही कमीच बोलला. त्यांत मी होतो. खरे सांगतो, माझ्या दारात बोअर आहे.

जेवढे पैसे जमले, तेवढाच गाळ निघाला. वैशाखात विहीर पुन्हा आटली. तेव्हा एक म्हातारी मला म्हणाली, "भाऊ, भंडाऱ्याला आधी पानं मोजता, मग वर्गणी काढता. इथं उलटं का केलं?"

मी गप्प झालो. सरकारी योजनेत माणशी रोज 55 लिटर धरतात. वाडीत 200 माणसे, म्हणजे 11,000 लिटर. एवढे सोपे गणित बैठकीत कोणीच मांडले नाही. हंडे वाहणाऱ्या बायका मागे बसल्या होत्या, त्यांना विचारलेही नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असे कायदा सांगतो, तो उगीच नाही.

मधमाशीकडून अवधूत काय शिकला? देह चालेल एवढेच घ्यावे, आणि तेही घराघरांतून थोडे थोडे, कुणा एकावर भार न टाकता. म्हणजे किती हवे ते आधी भूक ठरवते, कोणी किती द्यायचे ते नंतर. आम्ही 'सारखे' म्हणजेच 'न्यायाचे' असे धरून चाललो. पण मजुरी करणाऱ्याचे शंभर आणि पेन्शनवाल्याचे शंभर सारखे कसे?

यंदा पुन्हा गाळ काढायचा आहे. या वेळी बायकांना आधी विचारले. यादीत माझ्या नावापुढे मी चौपट रक्कम लिहिली आहे. ते दान समजू नये. ती मागची बाकी आहे.