हजेरी कुणाची?

‘व्यवस्थापनशास्त्राच्या तज्ज्ञांच्या मते’ अशी सुरू होणारी बातमी दिसली की हल्ली मनात अढी बसते. घरून काम केल्याने उत्पादकता १३ टक्क्यांनी वाढते, हे तज्ज्ञांचं मत. ती १८ टक्क्यांनी घटते, हेही तज्ज्ञांचंच मत. पहिला आकडा कर्मचारी एकमेकांना पाठवतात, दुसरा एचआरच्या ईमेलमध्ये उतरतो, आणि वाद जिथल्या तिथे राहतो. कोविडपासूनचा सगळा इतिहास वाचकांना तोंडपाठ आहे. टीसीएसने २०२० साली जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोकांनी ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस बोलावणं धाडलं आणि पुढे व्हेरिएबल पेही हजेरीशी जोडला. हे उलटसुलट निर्णय समजू शकतात. संताप येतो तो याचा, की वरचे दोन्ही आकडे खरे असूनही त्यांत नेमकं कुणाचं आणि कोणतं काम मोजलं, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही.

आधी १३चा हिशेब पाहू. सीट्रिप या चिनी प्रवासी कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने हा प्रयोग चालला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम त्यात होते. कंपनीचे सहसंस्थापक जेम्स लिआंग स्वतः स्टॅनफर्डला डॉक्टरेट करत असल्याने संशोधकांना कंपनीची दारं उघडी झाली. घरून काम करायला राजी असलेल्यांपैकी सम जन्मतारखेचे घरी बसले, विषम तारखेचे ऑफिसात राहिले. घरच्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातले सुमारे ९ टक्के शिफ्टमध्ये फोनवर जास्त मिनिटं बसल्यामुळे आले, कारण मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. उरलेले ४ टक्के मिनिटागणिक जास्त कॉल घेतल्यामुळे. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. हे सगळं बातम्यांत येतं. जे येत नाही ते असं, की प्रयोगात शिरायला किमान सहा महिन्यांची नोकरी आणि घरी स्वतःची वेगळी खोली अशी अट होती. म्हणजे गिऱ्हाइकाशी काय बोलायचं हे ज्यांना आधीच येत होतं, दार लावून घ्यायची सोय ज्यांच्याकडे होती, त्यांचं हे मोजमाप. आणि प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा मिळाली, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्याचं एक मोठं कारण होतं.

आता १८. हा प्रयोग आपल्या देशातला, चेन्नईचा. एमआयटीचे डेव्हिड ॲटकिन, तिथल्याच स्लोन बिझनेस स्कूलच्या अँटोइनेट शोअर, तसंच सुमित शिंदे यांनी डेटा एंट्रीसाठी नव्याने माणसं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची घर आणि ऑफिस अशी वाटणी केली. घरच्यांचं काम १८ टक्क्यांनी कमी भरलं. यातली दोन तृतीयांश तूट पहिल्याच दिवशी दिसली, आणि उरलेली एक तृतीयांश पुढच्या दिवसांत वाढत गेली, कारण ऑफिसातले लोक काम भराभर शिकत गेले. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली, आणि ती वाचून मन अस्वस्थ होतं. ज्यांना घरूनच काम हवं होतं, त्यांचंच नुकसान सर्वांत जास्त होतं, २७ टक्के. याचं अंशतः कारण म्हणजे त्यांच्यात लहान मुलं असलेले, घरच्यांची देखभाल करणारे आणि गरीब घरांतले लोक होते. त्यांना घर हवं होतं ते तिथे काम चांगलं होतं म्हणून नव्हे, तर बाहेर पडणं अवघड होतं म्हणून.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की एक भेद ठळक होतो, आणि या वादात मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो: काम उरकणं वेगळं आणि काम शिकणं वेगळं. येत असलेलं काम उरकायला शांत खोली पुरते. न येणारं काम शिकायला ते येणारा माणूस जवळ लागतो. १३चा आकडा बराचसा पहिल्याचा आहे आणि १८मध्ये एक तृतीयांश वाटा दुसऱ्याचा आहे. ‘उत्पादकता’ या एकाच शब्दाखाली आपण दोन्ही मोजत राहिलो, म्हणून तज्ज्ञ परस्परविरोधी बोलतात असं वाटत राहिलं.

ऑफिसात परतण्याचा हुकूम काढणारे व्यवस्थापक या भेदाचा आधार क्वचितच घेतात. त्यांचा मुद्दा ‘संस्कृती’चा असतो: एकत्र बसल्याने कंपनीची संस्कृती रुजते. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले मार्क मा आणि युये डिंग यांनी अमेरिकेतल्या मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांचे असे हुकूम तपासले. नफ्यात किंवा शेअरच्या भावात सुधारणा दिसली नाही, कर्मचाऱ्यांचं समाधान मात्र घटलं. आणि शेअरचा भाव पडल्यानंतर असे हुकूम निघण्याची शक्यता जास्त आढळली. हिंजवडीतल्या एखाद्या फ्लोअरवर ही संस्कृती कशी दिसते? सकाळी भूमकर चौकातल्या कोंडीत तासभर घालवून आलेली मुलगी कार्ड स्वाइप करते, मोकळी खुर्ची शोधते, कानाला हेडफोन लावते आणि चेन्नईतल्या लीडबरोबर व शिकागोतल्या क्लायंटबरोबर कॉलवर बसते. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दुसऱ्याच प्रोजेक्टचा. संध्याकाळपर्यंत तिचं कामाबद्दल शेजाऱ्याशी एक वाक्यही होत नाही. हजेरीच्या तक्त्यात तिचा दिवस पूर्ण भरतो. यातून संस्कृती रुजते, हा दावा मला मान्य नाही.

इथे थोडं आडवाटेला जातो. एमआयटीच्या स्लोन स्कूलमधले टॉमस ॲलन यांनी इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी प्रयोगशाळांतले इंजिनिअर कामाबद्दल एकमेकांशी किती वेळा बोलतात हे मोजलं. १९७७ सालच्या त्यांच्या पुस्तकात ते आहे. टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं, आणि पन्नासेक मीटरच्या पुढे माणूस दुसऱ्या टोकाला असो की दुसऱ्या गावात, फारसा फरक उरत नाही. या निष्कर्षाचं मला फार अप्रूप वाटतं. घर की ऑफिस हा वाद त्यापुढे लहान होतो, कारण ‘ऑफिसात असणं’ हे मापच ढोबळ ठरतं. खरं माप टेबलाचं: कुणाच्या शेजारी कोण बसतं?

नटालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅले या अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच एका बड्या अमेरिकी कंपनीच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांत तपासलं. काही टीम एकाच इमारतीत होत्या, काही दोन इमारतींत विभागलेल्या. एकत्र बसणाऱ्यांना आपल्या कोडवर सुमारे एक पंचमांश जास्त शेरे आणि सूचना मिळत होत्या. सर्वाधिक लाभ नवख्यांना, त्यातही तरुण स्त्रियांना. कोविडने सगळ्यांनाच घरी बसवलं तेव्हा हा फरक नाहीसा झाला. पण जवळ बसण्याची किंमतही दिसली: अनुभवी इंजिनिअरांचं स्वतःचं काम कमी होत होतं. सूचना लिहायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांच्या कामातून जात होता.

घरून काम हा कर्मचाऱ्याचा हक्क मानावा, अशा बाजूने मी हा विचार सुरू केला होता. इथवर आल्यावर ती बाजू पूर्ण धरून ठेवता येत नाही. नवख्याला ऑफिस लागतं, हे मान्य करावंच लागतं. पण ते मान्य केलं की हुकुमाचा रोख उलटा होतो. नवख्याने एकट्याने येऊन काय शिकायचं? ज्याच्याकडून शिकायचं, तो आधी आला पाहिजे. म्हणजे हजेरीची सक्ती करायचीच, तर ती दहा-पंधरा वर्षं मुरलेल्यांवर आधी हवी. आणि आज होतं याच्या उलट. वरिष्ठ आपल्या वजनावर सवलत मिळवतो आणि फ्रेशर रोज स्वाइप करतो. आपल्या आयटी सेवाक्षेत्रात यामागे पैशाचं गणितही आहे. क्लायंटला बिल बऱ्याचदा लागतं ते तासांचं. सीनिअरने एखाद्या मुलाजवळ बसून त्याचं चुकलेलं लॉजिक उलगडून दाखवलं, तर तो तास क्लायंटच्या बिलात सहसा चढत नाही, आणि सीनिअरचं युटिलायझेशन, म्हणजे बिलात चढणाऱ्या तासांचं प्रमाण, घसरलेलं दिसतं. अप्रेझलला त्यालाच उत्तर द्यावं लागतं. शिकवणाऱ्याला दंड बसेल अशी ही रचना आहे.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला स्त्रियांचा: सरसकट बोलावल्याने घर सांभाळणाऱ्या बायका नोकरीबाहेर पडतील. तो खरा आहे, आणि त्याला उत्तर त्याच शांघायमधून मिळतं. सीट्रिपने, म्हणजे आजच्या ट्रिप डॉट कॉमने, पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर आठवड्यातले दोन दिवस घरी, तीन ऑफिसात असा प्रयोग केला. नोकरी सोडणाऱ्यांत एक तृतीयांश घट झाली, स्त्रियांत विशेषतः. आणि बढत्या किंवा कामगिरीचे शेरे पुढच्या दोन वर्षांत खालावले नाहीत. सगळे एकाच वेळी हजर असतील असे तीन दिवस शिकण्याला पुरावेत. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: आता एआय शिकवेल. एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसी रेमंड यांनी पाच हजारांहून जास्त ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांत पाहिलं, की एआयच्या सूचनांनी कामाचा वेग सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढला आणि नवख्यांचा त्याच्या दुपटीच्या आसपास. यंत्रणा बंद पडली तरी त्यांची सुधारणा टिकून राहिली, म्हणजे ते खरोखर काही शिकले होते. हे झटकून टाकता येत नाही. पण त्या यंत्रणेने शिकवलं ते त्याच कंपनीतल्या उत्तम कर्मचाऱ्यांच्या संभाषणांतून उचललेलं. गिऱ्हाइकांचे तेच ते प्रश्न असतील तिथे हे चालेल. पुढचे उत्तम कर्मचारी कुणाच्या जवळ बसून तयार होणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणून ज्या कंपनीला हजेरी हवी आहे, तिने आपल्या सीनिअर मंडळींचे आठवड्यातले काही तास बिलाबाहेर काढून द्यावेत, त्यांना त्यांच्याच टीमच्या नवख्यांशेजारी बसवावं, आणि अप्रेझलमध्ये त्या तासांचा हिशेब मागावा. त्यासाठी मार्जिन थोडं घटेल, आणि ते कंपनीने सोसावं. तोवर फ्रेशरचा व्हेरिएबल पे स्वाइपच्या मोजणीवरून कापण्याला कोणत्याही बिझनेस स्कूलच्या संशोधनाचा आधार घेऊ नये.