‘कुंठित’ या शब्दाचा अर्थ आणि व्यवहार

एखादा शब्द व्यवहारात फार वापरला गेला म्हणजे त्याची धार जाते, आणि धार गेलेल्या शब्दाने विचारही नीट छेदला जात नाही. ‘कुंठित’ हा शब्द तर मुळात धार जाण्याचाच वाचक आहे. म्हणून त्याचा अर्थ प्रथम पाहावा, नंतर व्यवहार पाहावा, आणि शेवटी त्यातून निघणारा आचार ठरवावा, हा क्रम योग्य होय.

संस्कृतात ‘कुंठ’ म्हणजे बोथट. ज्याची धार गेली ते शस्त्र कुंठित, आणि ज्याला कोठेही अडथळा होत नाही ते सामर्थ्य अकुंठित. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मूळ अर्थात थांबणे नाही. बोथट कुऱ्हाड उगारली जाते, घावही बसतो. मात्र लाकूड तुटत नाही. श्रम चालू, पण कार्य होत नाही, अशी ती अवस्था आहे. मराठीत आल्यावर या अर्थाला प्रवाहाची कल्पना येऊन मिळाली. मती कुंठित होते, वाणी कुंठित होते, गती कुंठित होते. या शब्दाचे शेजारीही मराठीने नेमके राखले आहेत. गटार तुंबते, पाणी साचते, रोप खुंटते, काम रखडते. आणि माणूस मात्र कुंठतो. पहिल्या चारांना आपल्या अवस्थेचे ज्ञान नसते, पाचव्याला ते असते. दुःखाचे मूळ तेथे आहे.

कार्यालयीन व्यवहारात या शब्दाला एक निश्चित अर्थ प्राप्त झाला आहे. वरचे पद रिकामे नाही म्हणून वर्षानुवर्षे एकाच पदावर राहणे, याला तेथे ‘कुंठितता’ म्हणतात. महाराष्ट्र शासनाने १९९५ साली कालबद्ध पदोन्नतीची योजना काढली ती ही कुंठितता घालविण्यासाठीच. बारा वर्षे सेवा झालेल्या पात्र कर्मचाऱ्यास वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळावी, असे तिचे स्वरूप होते. पुढे योजनेचे नाव व नियम बदलत गेले, आणि सातव्या वेतन आयोगानंतर १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतर लाभ देण्याची पद्धत आली. या व्यवहारात एक न्याय्य विचार आहे. कर्मचारी कुंठला तो त्याच्या दोषाने नव्हे, वर वाट नव्हती म्हणून, हे येथे मान्य झाले. परंतु वेतन पुढे सरकले तरी मेज तेच, काम तेच. तेव्हा कुंठितता गेली, की तिची केवळ भरपाई झाली? हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो पैशाचा नसून अर्थाचा आहे.

येथे पूर्वपक्ष असा उभा राहील की, एकाच ठिकाणी राहणे हाच दोष असेल तर स्थैर्याला गुण का म्हणावे? याचे उत्तर ‘स्तब्ध’ या शब्दाच्या विचारात सापडते. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना ‘स्तब्ध’ हे एक लक्षण सांगितले आहे. तेथे त्याचा अर्थ ताठर, न वाकणारा असा आहे. श्वेताश्वतर उपनिषदात मात्र परमपुरुषाला वृक्षाची उपमा देताना हाच शब्द गौरवाने योजला आहे. गीतेच्याच दुसऱ्या अध्यायात निश्चल झालेली बुद्धी हे योगाचे लक्षण मानले आहे, तर चौदाव्यात अप्रवृत्ती ही तमाच्या वाढीची खूण सांगितली आहे. एकच शब्द एका प्रकरणी निंदेचा व दुसऱ्या प्रकरणी स्तुतीचा ठरतो. त्यावरून निर्णय असा होतो की, न हलणे हे स्वतः गुणही नव्हे व दोषही नव्हे. वृक्ष जागचा हलत नाही, पण त्याच्या आत रस चढत असतो, पान गळते व नवे फुटते. खांबही जागचा हलत नाही, पण त्याच्या आत काहीच घडत नाही. आत देणे-घेणे चालू असता बाहेर अचल असणे हे स्थैर्य. आणि आत देणे-घेणे थांबले असता बाहेर कितीही हालचाल दिसली तरी ती कुंठा.

आता दोन दृष्टांत पाहावेत.

पहिला लोणारचा. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर बेसॉल्टच्या खडकात उल्कापाताने झालेल्या खळग्यात आहे. त्या खळग्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावरच्या झऱ्यांचे गोडे पाणी त्यात उतरते, पावसाचे पाणी उतरते. परंतु बाहेर वाहून जाणारा प्रवाह नाही. पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. म्हणून येणारे पाणी गोड असूनही साठलेले पाणी खारे व अल्कधर्मी आहे. दार्ष्टांतिक असे की, खळगा सरोवराने केलेला नाही. तो वरून कोसळलेल्या आघाताने झाला. तरीही त्या पाण्यात तेथील क्षारतेला मानवणारे सूक्ष्म जीव वाढतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले ते अशाच जीवांमुळे, आणि त्याच वर्षी त्या जागेला रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

दुसरा रांजणाचा. डेंग्यूचा प्रसार करणारा डास घाण डबक्यातच होतो असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुतः तो घरात साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवावीत, असे आरोग्य खाते सांगते. दार्ष्टांतिक असे की, चांगली वस्तूही न हलविता ठेवली असता अपाय करते. येथे दोष पाण्याचा नाही, रांजणाचाही नाही. झाकण न घालणाऱ्याचा व रांजण न उपसणाऱ्याचा आहे.

या दोन दृष्टांतांवरून कुंठेचे दोन प्रकार सिद्ध होतात. एक परकृत, दुसरी स्वकृत. लोकव्यवहारात अन्याय होतो तो या दोहोंची अदलाबदल केल्याने. शेजाऱ्याचा मुलगा घरी बसलेला दिसला की त्याला आळशी म्हटले जाते, म्हणजे त्याचा खळगा न पाहता त्याच्यावर रांजणाचा दोष ठेवला जातो. आणि स्वतःचे वाचन, चिंतन, स्मरण थांबले की काळाला, घराला, व्यापाला बोल लावला जातो, म्हणजे न उपसलेल्या रांजणाला खळगा म्हटले जाते. म्हणून आचार असा ठरतो: दुसऱ्याविषयी बोलताना आधी खळगा पाहावा, स्वतःविषयी विचार करताना आधी रांजण पाहावा.

या नियमालाही एक मर्यादा आहे. ज्याने खळगा केला त्याने रांजणाचा उपदेश करू नये. स्त्रियांना बुद्धी नाही असे म्हणणारेच त्यांची शाळेची वाट अडवून बसले होते. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा उघडली, आणि कुंठली होती ती बुद्धी नसून वाट होती, हे दिसून आले. तसेच ज्याच्यावर खरोखर आघात झाला आहे त्याने सारा दोष आपल्याच माथी घेणे हाही विवेक नव्हे.

ज्ञानालाही हाच न्याय लागू आहे. महानुभावांचे ग्रंथ सकळ व इतर सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके राखले गेले, म्हणून त्यांचे पाठ टिकले; हे झाकणाचे काम झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीचा उलगडा होऊन ते ग्रंथ बाहेरच्या अभ्यासकांसमोर आले, तेव्हा प्राचीन मराठी गद्याचे वैभव महाराष्ट्राला कळले. झाकण नसते तर पाणी राहिले नसते. आणि झाकण कधीच निघाले नसते तर ते कोणाच्या ओंजळीत आले नसते. राखणे व देणे हे दोन्ही धर्मच आहेत, फक्त त्यांचा काळ ओळखावा लागतो.

बोथट कुऱ्हाड टाकून देत नाहीत, सहाणेवर घासतात. घासताना थोडे लोखंड झिजते, ते झिजू द्यावे लागते. कुंठित या शब्दात मुळापासून असलेली ही आशा व्यवहाराने विसरू नये.